स्टारड्यू व्हॅलीत पहिलं वर्ष: कोणत्या हंगामात काय पेरायचं आणि कधी तोडायचं

ज्याच्या घरी शेती आहे तो माणूस स्टारड्यू व्हॅली खेळायला बसला की दोन गोष्टी हमखास करतो. सगळं रान एकदम साफ करायला घेतो, आणि पेरणीआधी पाऊस पडायची वाट बघतो. दोन्हींत इथे नुकसान आहे. परभणी, हिंगोली, लातूरकडच्या पोरांना हा गेम पटकन आवडतो, कारण पेरा, बुजगावणं, काढणी हे सगळं ओळखीचं वाटतं. पण गेममधला हंगाम वेगळ्या नियमाने चालतो. तो नियम आधी समजला की बाकीचं सोपं जातं.

एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला हा गेम फेब्रुवारी २०१६ मध्ये कॉम्प्युटरवर आला. पुढे २०१८ मध्ये आयफोनवर आणि २०१९ मध्ये अँड्रॉइडवर आला. एकदाच पैसे द्यायचे, नंतर इंटरनेट नसलं तरी चालतं, त्यामुळे आखाड्यावर रेंज नसतानाही खेळता येतो. मराठी भाषा त्यात नाही. म्हणून पिकांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच इथे देवनागरीत लिहिली आहेत. आकडे १.६ आवृत्तीचे आहेत.

आधी कॅलेंडर

वर्षात चार हंगाम: स्प्रिंग, समर, फॉल, विंटर. प्रत्येक बरोबर २८ दिवसांचा. १ तारखेला नेहमी सोमवारच असतो. एक दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला संपतो. तुमच्या घड्याळात तो साधारण १४ मिनिटांचा.

आपल्याकडे मृग लांबला तर पेरणी लांबते, पेरणी लांबली तर काढणी लांबते. तूर तर खरिपात पेरली तरी रब्बीत जाऊन हाती येते. गेममध्ये अशी ढिलाई नाही. २८ तारखेच्या रात्री तुम्ही झोपलात आणि नवा हंगाम उजाडला, की जुन्या हंगामाचं उभं पीक सकाळी वाळून गेलेलं दिसतं. तोडायला एकच दिवस उरला होता, हे कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून बी विकत घेताना भाव नंतर बघा, आधी वजाबाकी करा. २८ मधून पिकाचे दिवस वजा केले की पेरायची शेवटची तारीख मिळते. पार्सनिप ४ दिवसांचं, म्हणजे २४ तारखेपर्यंत पेरता येतं. पोटॅटो ६ दिवसांचा, २२ पर्यंत. कॉलीफ्लॉवर आणि मेलन १२ दिवसांचे, १६ पर्यंत. पंपकिन १३ दिवसांचा, १५ पर्यंत. यात एकही दिवस पाणी चुकवलेलं चालत नाही, कारण ज्या दिवशी पाणी मिळत नाही तो दिवस वाढीत धरला जात नाही.

इथेच एक दिलासाही आहे. पाणी न मिळाल्याने पीक करपत नाही, फक्त तिथल्या तिथे थांबतं. मराठवाड्यातल्या कास्तकाराला हे वाचून हसू येईल, पण गेममध्ये दुष्काळ नाही. पाऊस पडला तर त्या दिवशी पाणी घालायचे कष्ट वाचतात, इतकाच पावसाचा उपयोग. पेरणी पावसावर ठरवायची गरज नाही. घरातला टीव्ही लावला की हवामानाचा चॅनेल उद्याचा अंदाज सांगतो आणि तो चुकत नाही. असा अंदाज आपल्याला मिळाला असता तर कितीतरी घरांतली दुबार पेरणी टळली असती.

काही मोजकी पिकं दोन हंगामांत चालतात. कॉर्न, व्हीट आणि सनफ्लॉवर समर आणि फॉल दोन्हींत जगतात, कॉफी बीन स्प्रिंग आणि समरमध्ये. बाकी जवळपास सगळ्यांना २८ तारखेची भिंत आहे.

पहिला दिवस ते पहिली काढणी

सुरुवातीला हातात ५०० गोल्ड असतात आणि घरातल्या डब्यात पार्सनिपच्या १५ बिया मिळतात. समोर झाडं, दगड, गवत माजलेलं मोठं रान असतं. ते सगळं साफ करायचा मोह आवरा. तुमच्याकडे २७० एनर्जी आहे. कुदळीचा एक घाव २ एनर्जी खातो, पाण्याचा एक शिडकावाही २. झारीत एका वेळी ४० चौकटींपुरतं पाणी मावतं. घराजवळ आणि तळ्याजवळ २०-२५ चौकटींचा तुकडा मोकळा केला तरी पुष्कळ.

पहिल्या दिवशी हा क्रम ठेवा:

१. घरासमोरची जागा साफ करून १५ चौकटी खणा, पार्सनिप टाका, पाणी घाला.

२. ९ नंतर गावात पिअरच्या दुकानात जा. दुकान ९ ते ५ उघडं असतं. बुधवारी, म्हणजे ३, १०, १७, २४ तारखेला बंद. जोजामार्ट नावाचं दुसरं दुकान आहे, पण सभासद झाल्याशिवाय तिथलं बी महाग पडतं.

३. एक कॉलीफ्लॉवर ८० ला, एक ग्रीन बीन ६० ला आणि उरलेल्या पैशातून पोटॅटो घ्या, ५० ला एक. कॉलीफ्लॉवर आणि ग्रीन बीन एकेकच का, ते पुढे येतं.

४. घरी येऊन पेरा, पाणी घाला, झोपा. मध्यरात्रीनंतर जागत बसलात तर दुसऱ्या दिवशी एनर्जी कमी मिळते.

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: गेम फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर तो अख्खा दिवस पुन्हा. भारनियमनाच्या वेळा माहीत असतील तर काढणीचा दिवस त्याआधी उरकून घ्या.

३ तारखेला पहिल्या वर्षी पाऊस ठरलेलाच आहे आणि दुकानही बंद. त्या दिवशी पाणी घालायचं नाही, खरेदी नाही. लाकूड तोडा, नाहीतर मासेमारीला जा. गळ २ तारखेला विली नावाचा गावातला कोळी फुकट देतो.

५ तारखेच्या सकाळी पार्सनिप तयार होतं. वरची पानं हलवून बघायची गरज नाही. तयार पीक कर्सर नेला किंवा बोट लावलं की लगेच निघतं. बहुतेक पिकं हातानेच निघतात. केल, व्हीट आणि अमरंथला मात्र विळा लागतो. अमरंथ म्हणजे आपला राजगिरा. फोनवर खेळताना पिकाला नुसतं टॅप केलं की माणूस चालत जाऊन तोडतो, पण घाईत शेजारच्या चौकटीवर कुऱ्हाड लागली तर उभं पीक उपटलं जातं. काढणीच्या वेळी हातातलं हत्यार खाली ठेवा.

पंधराही पार्सनिप काढले की त्या रात्री शेतीची लेव्हल १ मिळते आणि बुजगावणं बनवायची कृती हाती येते: ५० लाकडं, १ कोळसा, २० फायबर. हे बुजगावणं चारी बाजूंना साधारण ८ चौकटींपर्यंतचं पीक राखतं. शेतात १६ पेक्षा कमी रोपं असतील तर कावळे फिरकत नाहीत, जास्त झाली की येऊ लागतात. पहिले चार दिवस थोडा धोका असतो, तो पत्करायचा. ५ तारखेपर्यंत लाकूड-फायबर जमवून ठेवा म्हणजे ६ च्या सकाळी बुजगावणं उभं राहील.

स्प्रिंग: स्ट्रॉबेरीसाठी पैसे राखा

पार्सनिप २० ला घ्यायचं, ३५ ला विकायचं. पोटॅटो ८० ला जातो आणि कधीकधी एका रोपाला एकाहून जास्त निघतात. केल ७० चं बी, ६ दिवस, ११० भाव. कॉलीफ्लॉवर ८० चं बी, १२ दिवस, १७५ भाव. ग्रीन बीन १० दिवसांनी धरतं आणि मग दर ३ दिवसांनी पुन्हा तोडायला येतं. १ तारखेला पेरलं तर हंगामात सहा तोडे होतात, एकेकाचे ४० गोल्ड. हे वेलवर्गीय आहे, त्यातून चालता येत नाही. ग्रीन बीन, हॉप्स आणि ग्रेप या तिघांना रांगेत लावा आणि शेजारी पाय ठेवायला वाट सोडा. चारी बाजूंनी वेल लावून मधलं रोप कोंडलं, तर त्याच्यापर्यंत हात पोचत नाही.

सगळे पैसे एकाच पिकात घालू नका, पण १० तारखेनंतर नवं काही न पेरता पैसे साठवायला लागा. १३ तारखेला एग फेस्टिवल आहे. तिथे स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १०० ला एक. वर्षभरात हे बी विकत घ्यायची खात्रीची जागा हीच. स्ट्रॉबेरी ८ दिवसांत तयार होते, मग दर ४ दिवसांनी. १३ ला लावली तर २१ आणि २५ ला असे दोन तोडे निघतात, १२० भावाने २४० गोल्ड. पहिल्या स्प्रिंगमधलं याहून चांगलं पीक पिअरकडे नाही.

पण त्या दिवशी गडबड होते. जत्रेत सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत जाता येतं, आणि अंडी शोधायचा खेळ संपला की तुम्ही घरी पोचता तेव्हा रात्रीचे १० वाजलेले असतात. म्हणून सकाळी निघण्याआधीच जागा खणून तयार ठेवा आणि झारी भरून ठेवा. रात्री फक्त बी टाकायचं आणि पाणी घालायचं. एनर्जी उरली नसेल तर १४ ला लावा. २२ आणि २६ ला दोन तोडे तेव्हाही मिळतातच.

१५ ते १८ तारखेला गावभर झुडपांवर गुलाबी सॅमनबेरी लागतात. विकायला त्यांची किंमत नाही म्हटलं तरी चालेल, पण खाल्ल्या की एनर्जी भरते. करवंदांच्या दिवसांत पोरं जशी डोंगरात जातात तसं चार दिवस फिरा आणि पेटी भरून ठेवा. समरपर्यंत पुरतात.

कम्युनिटी सेंटरचं काम आत्ताच

५ तारखेनंतर, पाऊस नसलेल्या सकाळी गावात शिरलात की मेयर लुइस जुनं कम्युनिटी सेंटर दाखवतो. तिथे पॅन्ट्री नावाच्या खोलीत पिकांचे बंडल असतात, म्हणजे कोणत्या वस्तू आणून द्यायच्या त्याच्या याद्या. साधे बंडल निवडले असतील तर स्प्रिंगमध्ये पार्सनिप, ग्रीन बीन, कॉलीफ्लॉवर, पोटॅटो. समरमध्ये टोमॅटो, हॉट पेपर, ब्लूबेरी, मेलन. फॉलमध्ये कॉर्न, एगप्लांट, पंपकिन, याम. प्रत्येकी फक्त एक. पहिल्या दिवशी कॉलीफ्लॉवर आणि ग्रीन बीन एकेक घ्यायला सांगितलं ते याच्यासाठी.

नवखा खेळाडू सगळं पीक विकून टाकतो आणि समर उजाडल्यावर त्याला कळतं की आता पार्सनिपसाठी वर्षभर थांबायचं. तोडलेल्या प्रत्येक नव्या पिकातलं एक आधी पेटीत टाका, मग बाकीचं विका. क्वालिटी क्रॉप्स नावाचं अजून एक बंडल आहे. त्यात पार्सनिप, मेलन, पंपकिन, कॉर्न यांपैकी तिघांचे सोनेरी चांदणीवाले, म्हणजे चांगल्या प्रतीचे, पाच-पाच नग लागतात. ते मिळवायला खत लागतं. बेसिक फर्टिलायझर २ सॅपपासून (झाडाच्या चिकापासून) बनतं आणि सॅप झाडं तोडताना भरपूर पडतं. खत खणलेल्या जमिनीत बी टाकण्याआधी घाला.

पॅन्ट्रीचे सगळे बंडल पूर्ण झाले की ग्रीनहाऊस दुरुस्त होऊन मिळतं. त्यात १२० चौकटी आहेत आणि आत हंगाम नाही. जे पाहिजे ते, जेव्हा पाहिजे तेव्हा. पॉलिहाऊससाठी अनुदानाचे कागद रंगवलेल्या माणसाला हे फारच स्वस्तात पडलं असं वाटेल.

समर: ब्लूबेरी, आणि कॉर्नचा मोह

स्प्रिंगच्या २८ ला सगळं काढून घ्या आणि समरच्या १ ला, सोमवारी, दुकान उघडताच बी घ्या. पहिल्या दिवशी पेरणं इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण पुन्हापुन्हा तोडा देणाऱ्या पिकांचा फायदा पेरणीच्या तारखेवर ठरतो.

ब्लूबेरी ८० चं बी, १३ दिवस, मग दर ४ दिवसांनी, प्रत्येक तोड्याला तीन फळं. १ ला लावली तर १४, १८, २२, २६ असे चार तोडे होतात. एका रोपाची १२ फळं, ५० भावाने ६०० गोल्ड. तेच रोप १० तारखेला लावलं तर पहिला तोडा २३ ला आणि दुसरा २७ ला, म्हणजे उत्पन्न बरोबर निम्मं. महिन्याच्या मध्यावर गावात गेल्यावर ब्लूबेरी घ्यावीशी वाटेल, पण तेव्हा मेलन बघा. मेलन ८० ला घेऊन २५० ला जातं, १२ दिवसांत, आणि १६ तारखेपर्यंत लावता येतं.

हॉट पेपर म्हणजे मिरची, ५ दिवसांत लागते आणि दर ३ दिवसांनी तोडायला येते. टोमॅटो ११ दिवसांनी आणि मग दर ४ दिवसांनी. बंडलपुरतं एकेक लावलं तरी पुरे, पण हंगामभर रोज थोडा पैसा हवा असेल तर चार-पाच मिरच्या ठेवा.

कॉर्नबद्दल सांभाळून. मका म्हटलं की हात सहज जातो. बी १५० ला मिळतं, १४ दिवसांनी पहिलं कणीस, मग दर ४ दिवसांनी एक, भाव ५०. समरच्या १ ला लावला तर फॉल संपेपर्यंत ११ तोडे होतात, म्हणजे ५५० गोल्ड, तेही दोन हंगाम जागा अडवून आणि रोज पाणी घालून. ब्लूबेरी एका हंगामात त्याहून जास्त देते. फॉलच्या बंडलसाठी एक कॉर्न लावा आणि थांबा. सनफ्लॉवरचं तसंच: बी २०० चं, फूल ८० चं. घरच्या रानात सूर्यफूल-करडई बघितलेल्यांना ते लावावंसं वाटतं, पण पिअरच्या भावाने बी घेतलं तर तोटाच आहे.

समरमध्ये पाण्याचं काम हाताबाहेर जाऊ लागतं, म्हणून स्प्रिंकलर. साधा स्प्रिंकलर लेव्हल २ ला मिळतो, पण तो फक्त चार बाजूंच्या चार चौकटी भिजवतो. त्यात तांबं-लोखंड घालवण्यापेक्षा लेव्हल ६ च्या क्वालिटी स्प्रिंकलरची वाट बघितलेली बरी. तो सभोवतालच्या आठही चौकटी भिजवतो. त्याला लोखंडाची लगड, सोन्याची लगड आणि रिफाइंड क्वार्ट्झ लागतं, म्हणजे खाणीत उतरावंच लागतं.

झारी सुधारायची असेल तर क्लिंट लोहाराकडे द्यावी लागते आणि दोन दिवस ती तुमच्याकडे नसते. टीव्हीने उद्या पाऊस सांगितला की आज पिकाला पाणी घालून दुपारी ४ च्या आत झारी त्याला द्या. उद्याचं पाणी पाऊस घालतो, परवा सकाळी झारी परत.

समरच्या शेवटच्या आठवड्यात रिकाम्या चौकटींत व्हीट टाका. १० गोल्डला बी आहे. ते फॉलमध्येही जगतं, आणि त्याच्यामुळे जमिनीतलं खत हंगाम बदलतानाही राहतं. रिकाम्या जमिनीतलं खत निघून जातं.

फॉल: इथे खरा पैसा

१ तारखेला जितके पैसे असतील तितके क्रॅनबेरीत घाला. बी २४० चं, म्हणून नवखे घाबरतात. पण ७ दिवसांत धरते, मग दर ५ दिवसांनी दोन-दोन फळं. १ ला लावली तर ८, १३, १८, २३, २८ असे पाच तोडे, १० फळं, ७५ भावाने ७५० गोल्ड. बियाचे पैसे वजा करून ५१० उरतात. पंपकिन १ ला आणि पुन्हा १४ ला लावला तर दोन्ही पिकांचा मिळून फायदा ४४० होतो, आणि दर वेळी बी नव्याने घ्यावं लागतं. तरी थोडे पंपकिन लावाच, बंडलसाठी आणि पुढे लोणच्यासारखा पक्का माल करायला सुरुवात केली की उपयोगी.

पंपकिन, मेलन आणि कॉलीफ्लॉवर तीन बाय तीनच्या चौकोनात सलग लावले तर कधीकधी नऊही रोपं मिळून एक अवाढव्य फळ तयार होतं. रोजची शक्यता एक टक्का, त्यामुळे त्यावर विसंबून राहायचं नाही. झालंच तर कुऱ्हाडीने फोडायचं.

वांग्याला इथे एगप्लांट म्हणतात आणि ते फॉलमध्ये येतं. २० गोल्डचं बी, ५ दिवसांनी पहिला तोडा, मग दर ५ दिवसांनी. १ ला लावलं तर पाच तोड्यांचे ३०० गोल्ड. पैसे कमी असतील तर क्रॅनबेरीऐवजी वांगी लावून सुरुवात करा. खर्चाच्या मानाने याहून जास्त परतावा देणारं पीक या हंगामात सापडत नाही.

याम १० दिवसांचा, ६० ला घेऊन १६० ला. बॉक चॉय ४ दिवसांचं, शेवटच्या आठवड्यात रिकामी जागा भरायला. ८ ते ११ तारखेला झुडपांवर ब्लॅकबेरी येते, तीही खाण्यासाठी जमवा. १६ तारखेला स्टारड्यू व्हॅली फेअर असते, त्यात नऊ वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं असतं. चांगल्या प्रतीचं एकेक पीक, मासा, खनिज असं वेगवेगळं ठेवलं तर गुण जास्त मिळतात. नऊही जागी पंपकिन मांडून बक्षीस मिळत नाही.

विंटर: रब्बी नाही

मराठवाड्याच्या खेळाडूची खरी फसगत इथे होते. आपल्याकडे थंडी म्हणजे ज्वारी, हरभरा, गहू. लातूर-धाराशिवकडे येळवसला हिरव्या ज्वारीत बसून भज्जी-आंबील खायची वेळ. गेममध्ये थंडी म्हणजे बर्फ आणि मोकळं रान. फॉलचा सगळा नफा विंटरच्या बियाण्यासाठी हातात घेऊन पिअरकडे गेलात, तर तिथे उघड्या शेतासाठी घेण्यासारखं काही नसतं.

१.६ मध्ये पावडरमेलन नावाचं एक फळ विंटरमध्ये उघड्यावर येतं, ७ दिवसांत, आणि रानातल्या विंटरच्या कंद-फुलांपासून विंटर सीड्स बनवता येतात. याच्या पलीकडे शेत बंदच. तेव्हा ही कामं करा: झारी क्लिंटला द्या, आता पिकाला पाणी घालायचं नाही म्हणून दोन दिवस गेले तरी चालतं. खाणीत उतरून लोखंड-सोनं आणा, स्प्रिंकलर बनवा. आणि पुढच्या स्प्रिंगच्या बियाण्याचे पैसे बाजूला काढून ठेवा.

फळझाडंही याच वेळी लावायची. झाडाला फळं यायला २८ दिवस लागतात आणि त्याला पाणी लागत नाही. विंटरच्या १ ला ॲप्रिकॉट किंवा चेरी लावली तर स्प्रिंग उजाडताच झाड तयार. ॲप्रिकॉटचं रोप २००० ला, चेरीचं ३४०० ला. ऑरेंज आणि पीच समरचे, ॲपल आणि पोमेग्रॅनेट फॉलचे. म्हणजे प्रत्येक झाड त्याच्या आधीच्या हंगामाच्या सुरुवातीला लावायचं. रोपाभोवतीच्या आठ चौकटी मोकळ्या ठेवा, नाहीतर वाढ थांबते. एका झाडावर तीन फळं साठतात, त्यामुळे रोज तोडायची घाई नाही. केसर आंब्याच्या भागातल्या लोकांनी आंबा शोधू नये असं नाही. तो आहे, पण जिंजर आयलंडवर ७५ शिंपले देऊन रोप मिळतं आणि तिथे पोचायला बरंच खेळावं लागतं.

माल विकताना

घराजवळच्या शिपिंग बिनमध्ये माल टाका, रात्री झोपलात की पैसे जमा. इथे मोंढ्यासारखी आडत, हमाली, तोलाई काही नाही. आवक वाढली म्हणून भाव पडत नाही. एका रात्री शंभर पंपकिन टाकले तरी शंभरावा ३२० लाच जातो. सोयाबीन घरात ठेवून भाव वाढायची वाट बघणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं: माल दाबून ठेवण्यात इथे काहीच नाही, फक्त प्रक्रिया करण्यात आहे.

लेव्हल ४ ला प्रिझर्व्ह्ज जारची कृती मिळते: ५० लाकडं, ४० दगड, ८ कोळसे. भाजीचं लोणचं आणि फळाची जेली बनते आणि किंमत मूळ भावाच्या दुप्पट अधिक ५०. पार्सनिपचं लोणचं १२० ला जातं. लेव्हल ८ ला केग मिळतो, त्यात फळाची वाइन मूळ भावाच्या तिप्पट. मेलनची वाइन ७५० ला. या दोन्हींत पिकाच्या चांदणीचा हिशोब होत नाही, म्हणून साधा माल जारमध्ये आणि केगमध्ये घाला, सोनेरी चांदणीवाला तसाच विका. सोनेरीला दीडपट भाव मिळतो, चंदेरीला सव्वापट. जार घरात, गोठ्यात, कुठेही चालतो आणि विंटरमध्येही चालतो. फॉलचा थोडा माल त्याच्यासाठी राखला तर थंडीतही बिनमध्ये टाकायला काहीतरी असतं.

लेव्हल ५ ला एक पर्याय निवडावा लागतो. पिकांवरच भर असेल तर टिलर घ्या, पिकांना १० टक्के जास्त भाव. लेव्हल १० ला आर्टिझन घेतलं तर लोणची-वाइनला ४० टक्के जास्त. जार-केग लावणार असाल तर दुसरा पर्याय बघायचीही गरज नाही.

दुसऱ्या वर्षासाठी

दुसऱ्या वर्षापासून पिअरकडे गार्लिक, रेड कॅबेज आणि आर्टिचोक मिळू लागतं. रेड कॅबेज १०० ला घेऊन २६० ला जाते, समरमध्ये ९ दिवसांत. कम्युनिटी सेंटरमधल्या व्हॉल्ट या खोलीचे ४२,५०० गोल्ड भरून बस दुरुस्त केली असेल तर वाळवंटातल्या ओएसिस दुकानातून स्टारफ्रूटचं बी आणा, ४०० ला. फळ ७५० ला. ग्रीनहाऊस तयार असेल तर तिथे आधी स्टारफ्रूट नको. एकदा लावून पुन्हापुन्हा तोडता येईल असं पीक लावा, कारण आत हंगाम बदलत नाही आणि रोप कधीच मरत नाही. कडेच्या मोकळ्या जागेत फळझाडं लावली तर तीही बारा महिने फळतात.

पहिल्या वर्षीच्या एग फेस्टिवलला पेरायला लागतात त्यापेक्षा दहा-वीस स्ट्रॉबेरी बिया जास्त घेऊन पेटीत ठेवल्या असतील, तर त्या दुसऱ्या स्प्रिंगच्या १ तारखेला लावा. ९, १३, १७, २१, २५ असे पाच तोडे होतात.